काजूची बोंडं, मोहाची फुलं आणि घरची भट्टी: कायदा नेमका कोणाला धरतो?

रानकाजू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा विषय दोन हंगाम मनात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात आहे. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमं, वडिलांनी लावलेली. एप्रिलमध्ये बागेत पाऊल टाकलं की पायाखाली बोंडू चिरडतो. बी पिळून घेतली की बोंडाचं करायचं काय, हा प्रश्न दरवर्षी तसाच उभा. थोडी गुरांना घालतो, थोडी पोरं मीठ लावून खातात, बाकी झाडाखाली कुजतात. तिसऱ्या दिवशी त्यांचा आंबूस वास पार रस्त्यापर्यंत येतो. बी विकून जे मिळतं ते मिळतं, पण वजनाने बघाल तर झाडाने दिलेल्या फळाचा फार मोठा भाग आम्ही मातीत घालतो.

आणि आमच्यापासून अर्ध्या तासावर गोवा. सत्तरीत माझ्या मावशीच्या घरी परवान्याची भट्टी आहे. लहानपणापासून दर उन्हाळ्यात तिथे जातो, म्हणून जवळून पाहिलंय. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलाच उचलतात. कोळमीत घालून पायांनी तुडवतात, मग चोथ्याची ढेप बांधून वर दगड ठेवतात. त्या वजनाखाली जो रस आपसूक निथळतो तो निरो. तो थंडगार प्यायला देतात, आम्ही पोरं त्यासाठीच जायचो. तुडवलेला रस पिंपात आंबायला ठेवतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास बुडबुडे बसतात, रस शांत होतो, मग तो भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात जातो. सांधे वारुळाच्या मातीने लिंपतात. मावसे भट्टीसमोर बसून काहीही मोजत नाहीत. नळीवर तळहात ठेवतात आणि लाकूड आत सारतात किंवा बाहेर ओढतात. आच वाढली तर रस करपतो आणि तो करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत जात नाही. पहिल्यांदा निघतो तो हुर्राक. हलका, फळाच्या वासाचा, हंगामापुरताच टिकणारा. त्यात पुन्हा रस घालून चढवलं की फेणी.

मावशीच्या भिंतीवर परवाना चौकटीत लावलेला आहे. हेच सगळं मी सीमेच्या अलीकडे, त्याच जातीच्या बोंडांपासून, घरच्यापुरतं केलं तर गुन्हेगार ठरतो. मला दारूचा धंदा करायचा नाही. मला विचारायचं आहे की घरच्यापुरती भट्टी कायद्याने कधी शक्य होती का, आज आहे का, आणि नसेल तर तशी ती का ठेवली आहे. माहितगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कोर्टाची_पायरी

वकिली करतो, म्हणून थोडं शिस्तीत सांगतो.

मादक पेयं हा राज्यांचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली राज्यसूची, नोंद ८. त्यामुळे गोव्यात एक आणि दोडामार्गात दुसरं, यात कायद्याच्या दृष्टीने काहीच विसंगत नाही. आपल्याकडे मूळ मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे, आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. बऱ्याच जणांना माहीत नसतं की आपल्या राज्यात कायद्याचा पाया आजही बंदीचाच आहे. परवाना, परमिट ही सगळी त्या बंदीतली सूट. नियमाने दारू पिण्यासाठीसुद्धा परमिट लागतं.

कलम १२ मद्य बनवण्यास आणि भट्टी उभारण्यास किंवा चालवण्यास मनाई करतं. शिक्षा कलम ६५ मध्ये. वर्तमानपत्रात छाप्याच्या बातमीत "६५ (ई)" आणि "६५ (फ)" वाचता ना, त्यातलं "ई" विक्री आणि बाळगण्याबद्दल आहे, "फ" साहित्याबद्दल. म्हणजे मद्य बनवण्याच्या हेतूने भट्टी, भांडी, सामान नुसतं जवळ ठेवणं हाच स्वतंत्र गुन्हा. एक थेंब निघालेला नसला तरी. "घरच्यापुरतं होतं साहेब" हा बचाव कायद्यात नाही. किती लिटरपर्यंत चालेल अशी घरगुती मर्यादाही नाही, कारण घरगुती असा वर्गच नाही.

घटनेच्या बाजूने भांडावं म्हटलं तर तेही दार लवकर बंद झालं. याच कायद्याला आव्हान दिलेला बलसारा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये निकाली काढला. औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंमधल्या अल्कोहोलवरची बंदी उडाली, पिण्याच्या दारूवरची टिकली. पुढे १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नाही हे आणखी पक्कं झालं.

आणि नाव बघा. १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात, त्याच्या मराठी नावातच "झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले" असे शब्द आहेत. त्याखाली वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. तो सराईत धंदेवाल्यांसाठी आहे हे खरं. पण सरकारच्या शब्दकोशात हातभट्टी या शब्दाची जागा कुठे आहे ते यावरून कळतं.

उरणकर

वकीलसाहेबांनी १९४९ पासून सुरुवात केली, मी थोडा मागे जातो. आमच्याकडे, म्हणजे जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) आणि ठाणे जिल्ह्यांत, घरोघरी मोहाची दारू गाळली जायची. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि चित्र पालटलं. गावोगावच्या बारक्या भट्ट्या बंद, त्याऐवजी मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्या, आणि तिथेच सरकारी कराची मोजदाद. उरण तेव्हा मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्यांचं गाव होतं.

तरी लोक रानात गाळायचेच. म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचाच वेगळा कायदा केला, कुलाबा आणि ठाण्यासाठी. दारू राहिली बाजूला, फुलं जवळ ठेवण्यावर बंधन! कातकरी, ठाकर, वारली यांच्यासाठी मोहाचं फूल म्हणजे पावसाळ्याआधीच्या उपासमारीतलं अन्न. वाळवून, भाजून, उकडून खायचं. त्या फुलाला दारूचा कच्चा माल ठरवलं, का तर महसूल बुडतो.

म्हणून मला वाटतं की घरच्या भट्टीवरची बंदी नीतीतून आली असं समजू नये. नीतीचा भाग नंतर चढला. सुरुवात मक्त्यातून आणि करातून झाली.

कौलारू_डिचोली

रानकाजू, तुमच्या मावशीच्या भट्टीचं वर्णन वाचून जीव थंड झाला. पण गोव्याबद्दल एक गैरसमज होऊ देऊ नका. गोव्यात कोणीही उठून घरी गाळू शकतो असं नाही. प्रत्येक भट्टीला अबकारी खात्याचा परवाना लागतो, आणि सरकारी मालकीच्या काजूच्या रानांचे झोन करून त्यांचा लिलाव होतो. म्हणजे पद्धत परवान्याचीच. फरक इतकाच की तो परवाना साध्या शेतकऱ्याला परवडतो आणि मिळतो. गावात भट्टीवाला हा मान असलेला माणूस असतो, लपून बसणारा नव्हे.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी फेणी कागदोपत्री "कंट्री लिकर" होती आणि त्यामुळे राज्याबाहेर तिला दार बंद. नाव बदलल्याने काय होतं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुने लोक जोर "ग्राव"मध्ये सांगतात. पण माझे आजोबा बाटली हलवून वर येणारा फेस बघायचे, मणी केवढे आणि किती वेळ टिकतात त्यावरून सांगायचे. फेणी नावच फेणावरून आलं असं आमच्याकडे मानतात. नारळाची फेणी वेगळी, ती सुरेपासून म्हणजे माडाच्या माडीपासून, माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या कष्टाची. तिच्याबद्दल कधीतरी वेगळा धागा काढा.

तळकोकणी

आमच्याकडे सगळा उलटा आसा. बोंडू कुजान जातत तेंची कोणाक फिकीर नाय, पण एक कळशी रस चुलीर चढवलास तर गावभर बोंब. म्हाताऱ्यांनी बाळंतिणीक लावूक, पोट दुखला तर चमचाभर देवक म्हणान घरात बाटली ठेवली, ती पण लपवन.

वैनगंगा

मी गडचिरोलीची. हा धागा वाचताना दोन मनं होत आहेत, ती दोन्ही लिहिते.

आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नाही, बायकांनी मागून घेतलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली. मी स्वतः गावातल्या बायकांसोबत रात्री मडकी फोडायला गेले आहे. नाल्याच्या काठी खड्डे खणून पुरलेले पिंप, त्यात काळा गूळ आणि नवसागर घातलेला सडवा. वर फेस, त्यात माश्या. उपडं केलं की जमीन काळी पडायची आणि वासाने डोकं धरायचं. माझ्यासोबत त्या रात्री जी बाई होती तिच्या नवऱ्याचं पोट पाण्याने फुगून तो त्याच वर्षी गेला. तेव्हा "वारसा" हा शब्द वाचला की माझ्या पोटात गोळा येतो.

आता दुसरं मन. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेली आजी मी पाहिली आहे. फुलं रात्रभर टपटप पडतात, ऊन चढायच्या आत वेचायची. पिवळसर, रसाने फुगलेली, बोटांना चिकटणारी. अंगणात वाळत घातली की तपकिरी होतात. त्या घरात मोहाची दारू देवाला चढते, लग्नात लागते, मयतीला लागते. पूर्वज जेवायला बसले तर आधी त्यांच्या नावाने जमिनीवर धार सोडायची. ती बाई हातभट्टीवाली नाही. पण पोलीस आले तर कलम तेच.

माझं म्हणणं, गुळाच्या सडव्याचा धंदा आणि मोहाची देवाची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण परवाने खुले केले तर ते त्या आजीला मिळतील का? की तालुक्याच्या ठिकाणचा कोणी शेठ तिच्या नावावर घेईल? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

उकळबिंदू

रसायनशास्त्र शिकवतो. "घरी गाळलेली दारू पिऊन माणसं मरतात म्हणून बंदी हवी" असा प्रतिसाद आता येईलच, म्हणून तो येण्याआधी लिहितो.

विषारी दारूचे जे मोठे बळी आपण ऐकले, २००४ मधलं विक्रोळी, २०१५ मधलं मालाडचं मालवणी जिथे शंभरावर माणसं गेली, २०२२ मधलं गुजरातचं बोटाद, तिथे मारलं ते मिथेनॉलने. आणि मालवणी किंवा बोटादचं मिथेनॉल भट्टीत तयार झालेलं नव्हतं. ते कारखान्यात वापरायचं रसायन, ड्रममधून आलेलं, स्वस्तात नशा म्हणून पाण्यात मिसळून विकलेलं. तिथे गाळलं काहीच नव्हतं. चूल नाही, नळी नाही, आंबवण नाही. तरी बातमीत शब्द येतो "गावठी दारूचे बळी".

साखर किंवा गूळ आंबवला तर मिथेनॉल जवळपास होतच नाही. फळांत पेक्टिन असतं, त्यातून थोडं होतं. म्हणून काजूबोंडात, द्राक्षात ते थोडं असतंच, पण त्याचं प्रमाण त्या ड्रमच्या पासंगालाही पुरत नाही. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं अल्कोहोल, ७८.४ ला. यावरून लोक समजतात की पहिली धार टाकून दिली की सगळं विष गेलं. तसं होत नाही. मिश्रणात ते इतकं सुटसुटीत वेगळं निघत नाही, थोडंथोडं शेवटपर्यंत येत राहतं. पहिला भाग बाजूला काढायचा तो मुख्यतः त्यातल्या बाकीच्या झोंबऱ्या, उग्र द्रव्यांसाठी. आणि आपल्याकडे तर "पहिल्या धारेची" म्हणजे सगळ्यात भारी असं कौतुक! तेवढं कौतुक सोडायला हवं.

घरच्या भट्टीचा खरा धोका दुसरीकडे आहे. शिशाचं डाग दिलेली भांडी, गाडीचे जुने रेडिएटर नळी म्हणून वापरणं, जोर वाढवायला टाकलेला नवसागर किंवा त्याहून भयंकर काही. आणि बंद खोलीत पेटती चूल व अल्कोहोलची वाफ. हे सगळं का होतं? कारण लपून करायचं असतं. लपून करणारा माणूस चांगलं तांब्याचं भांडं आणत नाही, जे सापडेल ते वापरतो.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. मिथेनॉल लगेच मारत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर बसतं. बारा-चोवीस तासांनी धुकं पडल्यासारखं दिसतं, पोटात कळा, श्वास जोरात. तेव्हा "उतरतेय, झोपू दे" म्हणून झोपू देऊ नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या आणि दारू प्यायली आहे हे न लपवता सांगा. उतारा आहे, पण वेळेत हवा. मालवणीत पोलिसांच्या भीतीने काही घरांनी उशीर केला असेल का, हा प्रश्न मला आजही छळतो.

ढगांच्या_देशात

ऑकलंडहून. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या वापरासाठी घरी गाळणं कायदेशीर आहे. विकलं की गुन्हा. भांडी दुकानात उघड मिळतात, त्यामुळे ती चांगल्या धातूची असतात, उकळबिंदू सरांचा मुद्दा इथे रोज दिसतो. माझा शेजारी अंगणातल्या फेजोआच्या फळांपासून गाळतो. अमेरिकेत याउलट, घरी बिअर करायला १९७८ पासून केंद्राची परवानगी, पण गाळायला नाही, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये टेक्ससमधल्या एका केंद्रीय न्यायाधीशाने ती बंदी घटनाबाह्य म्हटली, त्यावर सरकार अपिलात गेलं.

आपल्याकडे लगेच न्यूझीलंड करा असं मी म्हणणार नाही. इथे गावात दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरं रस्त्यावर दिसत नाहीत, वैनगंगाताईंच्या गावात दिसतात.

कोर्टाची_पायरी

मधल्या काळात बदललेल्या गोष्टी राहिल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला मोठी सवलत दिली. नाशिकच्या बागायतदाराला ते जमलं. मोहाची फुलं वेचणं, साठवणं, नेणं यावरची जुनी बंधनं २०२१ मध्ये उठवली. आणि २०२२ मध्ये काजूबोंड, मोहफूल यांच्यापासूनच्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला, म्हणजे "देशी" हा कमीपणाचा शिक्का निघाला. त्याच वर्षी मध्य प्रदेशाने वारसा मद्याचं धोरण आणलं, तिथे मोहाची दारू आदिवासी बचतगटांनी बनवायची अशी रचना आहे.

पण रानकाजू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याने बदलत नाही. हे सगळं कारखान्याच्या परवान्याबद्दल आहे. चाळीस कलमांच्या शेतकऱ्याला परवडेल अशी छोटी भट्टी त्यात बसत नाही. तेवढं बसवणं हेच खरं काम आहे.

रानकाजू

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगाताई, तुमचा प्रतिसाद मी घरात वाचून दाखवला. आई म्हणाली, "ती खरं बोलते, तुझ्या काकाचं काय झालं ते विसरू नको." काका हातभट्टीच्या पायीच गेले, तेही लिहायला हवं होतं मी.

पण ताई, एक सांगा. जिथे बंदी नाही तिथे परवान्याचं दारूदुकान बंद करायचं असेल तर बायकांच्या हातात आडवी बाटली आहे. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर मत दिलं की दुकान जातं. नाल्याकाठच्या हातभट्टीला कुठलं मतदान? तिला परवानाच नाही, मग काढून काय घेणार? रात्री मडकी फोडायची, आठ दिवसांनी ती पुन्हा पुरलेली. छोटी भट्टी परवान्यात आणली, परवाना ग्रामसभेच्या ठरावावर ठेवला, तो झाडं ज्याच्या नावावर त्यालाच आणि हंगामापुरताच दिला, तर गावातल्या बायकांना तो काढून घेता येईल. आज जो अधिकार त्यांना चांगल्या दुकानावर आहे तो वाईट भट्टीवर नाही.

वैनगंगा

हा विचार मी या बाजूने केला नव्हता. मान्य करते की मडकी फोडण्यापेक्षा ठराव बरा. पण दोन अटी घाला. एक, परवाना बाईच्या नावावर किंवा बचतगटाच्या. दोन, दर घाण्याची तपासणी, आणि ती तालुक्याला हेलपाटे न घालता. नाहीतर तपासणीच्या नावाने हप्ता सुरू होईल. आमच्याकडे साध्या फुलांच्या पोत्यासाठी नाक्यावर पैसे मोजलेल्या बायका मला माहीत आहेत.

उकळबिंदू

तपासणी अवघड नाही. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र आहे, तसं बऱ्याच महाविद्यालयांत असतं. एका नमुन्यातलं मिथेनॉल मोजायला तास पुरतो. मुलांना शिकायलाही मिळेल. अधिकृत मान्यता हाच काय तो प्रश्न.

कौलारू_डिचोली

आणि हंगामापुरता परवाना ही कल्पना गोव्यात कोणाला नवी वाटणार नाही. मे संपला, पाऊस लागला की काजूच्या भट्ट्या गार होतात. भाण घासून पालथं घालायचं, ते पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

रानकाजू

ठरलं तसं करतो. अशा छोट्या भट्टीच्या परवान्यासाठी अर्जाचा मसुदा वकीलसाहेबांना व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय, ताईंच्या दोन्ही अटी घालून. तोपर्यंत यंदाची बोंडं कुजू द्यायची नाहीत. उद्या पहाटे टेंपो भरून मावशीकडे पाठवतोय, तिच्या परवान्यावर ती गाळेल. सकाळी नऊच्या आत पोचायला हवा, नाहीतर उन्हात रस वाटेतच आंबतो.

वैनगंगा

ग्रामसभेत विषय आला की बायका किती होत्या ते आकड्यासकट लिहा.

रानकाजू

लिहितो ताई. सभा नेहमी दुपारी ठेवतात, तेव्हा सगळ्या बी फोडायला कारखान्यात असतात. म्हणून या वेळी संध्याकाळी सातची वेळ मागितली आहे.